चौघींची मिळून एक

शहापूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी कामाला लागले, तेव्हा आमच्या गावात पदवी घेतलेली मी एकटी होते. लोक म्हणायचे, 'मुलींमधली पहिली.' मी लगेच दुरुस्ती करायचे, 'मुलांमध्येही कोणी नव्हता.' ही दुरुस्ती मी आजही करते. गाव टोकावड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. सकाळच्या एसटीने सरळगावला उतरायचं, तिथून किन्हवलीवरून जाणारी शहापूरची गाडी धरायची. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाने मुंबईलाच जावं, असं सगळे सांगायचे. मी शहापूरला गेले, कारण तिथल्या सरांनी मला टायपिंगला नाही, प्रोग्रॅमिंगला घेतलं होतं.

क्लास बाजारपेठेत, एका कापडाच्या दुकानाच्या वर. पुढच्या खोलीत मुलं टायपिंग शिकायची, मागच्या खोलीत सर आणि मी. सर नाशिककडचे. बोलायला तिखट, पण शिकवताना घाई नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दोन पानं करायला सांगितली. पहिल्या पानावर एक चौकट, तिच्यात आपलं नाव लिहायचं आणि बटण दाबायचं. दुसऱ्या पानावर यायला हवं 'नमस्कार', आणि पुढे ते नाव.

मी म्हटलं, बी.एस्सी.ला फिजिक्स काढलंय, हे काय मोठं. केलं. नाव लिहिलं, बटण दाबलं. दुसरं पान आलं. 'नमस्कार', आणि पुढे काहीच नाही.

"सर, नाव नाय आलं."

"कुठून येणार?"

"आत्ता लिहिलं ना मी."

"कोणाला सांगितलंस?"

"कॉम्प्युटरला."

"कॉम्प्युटरला नाही, पहिल्या पानाला सांगितलंस. ते पान गेलं. हे दुसरं आत्ता जन्माला आलंय. तू कोण, कुठली, ह्याला काही ठाऊक नाही."

मी त्या अर्धवट 'नमस्कार'कडे बघत बसले. कॉम्प्युटर म्हणजे कधीच काही न विसरणारी वस्तू, असं मी गावभर सांगून ठेवलं होतं. आणि इथे एका पानावरून दुसऱ्या पानावर जाईस्तोवर तो मला विसरला होता. माझ्याच हाताने लिहिलेलं माझं नाव, आणि ते वाटेत कुठे पडलं हे सांगायलाही कोणी नाही.

मग सरांनी एकेक वाट दाखवली. एक म्हणजे, नाव पत्त्यालाच बांधून पाठवायचं. वरच्या पट्टीत, जिथे साइटचा पत्ता असतो, तिथे एक प्रश्नचिन्ह आणि त्याच्यापुढे माझं नाव, उघडं, कोणीही वाचावं असं. दुसरी म्हणजे, पानातच एक न दिसणारी चौकट ठेवायची आणि नाव तिच्यात घालून पुढच्या पानाच्या हवाली करायचं. पान दिसायला कोरं, पण पोटात नाव घेऊन चाललेलं. आणि तिसरी वाट सेशनची. ती ऐकल्यावर मात्र मी पेन खाली ठेवलं.

सेशन म्हणजे असं, की आपण साइटवर गेलो की तिकडच्या मशीनमध्ये आपल्यासाठी एक कप्पा उघडतो. कप्प्याला एक लांबलचक नंबर. तोच नंबर आपल्या ब्राउझरकडे जपून ठेवायला दिला जातो. पुढे आपण जे जे पान मागू, त्या प्रत्येक वेळी ब्राउझर मुकाट्याने तो नंबर दाखवतो, तिकडे तेवढाच कप्पा उघडतो, आणि नव्या पानाला आपली ओळख पटते.

"तिकडचं मशीन म्हणजे कुठलं, सर?"

"अमेरिकेत आहे. आपण भाड्याने जागा घेतलीय."

म्हणजे शहापूरच्या बाजारपेठेत मी बटण दाबायचं, माझा नंबर समुद्रापलीकडे जायचा, तिथल्या हजारो कप्प्यांतला माझाच उघडायचा, आणि माझं नाव परत येऊन 'नमस्कार'च्या शेजारी बसायचं. तेही बाहेरचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून थांबायच्या आत. मी पुन्हा पुन्हा बटण दाबलं. दर वेळी नाव आलं. संध्याकाळी सरळगावच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली होती, पण मला बाहेरचं काही दिसलं नाही.

घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तुझा कॉम्प्युटर हुशार हाय का इसराळू?"

"दोन्ही."

"तुझ्या बापासारखा," ती म्हणाली, आणि ओटीवरून बाबा म्हणाले, "मला ऐकू येतंय."

पुढच्या वर्षी सरांना एक मोठं काम मिळालं. जिल्ह्यातल्या एका नर्सिंगच्या शाळेला प्रवेशाचे अर्ज इंटरनेटवरून घ्यायचे होते. अर्ज चार पानांचा. पहिल्या पानावर नाव, आईचं नाव, जन्मतारीख. दुसऱ्यावर गाव आणि तालुका. तिसऱ्यावर बारावीचा बैठक क्रमांक आणि मार्क. चौथ्यावर सगळं एकत्र दिसायचं, ते वाचून 'पक्कं करा' हे बटण दाबायचं. एका बैठक क्रमांकावर एकच अर्ज. पानांची बांधणी सरांची, सगळी सेशनवर. तपासायचं काम माझं. मी कितीतरी खोट्या मुली भरल्या, कोणाला मुरबाडची केली, कोणाला आटगावची. एकीचा अर्ज पुरा केला की दुसरीचा घ्यायचा. सगळ्या आपापल्या नावागावासकट जाग्यावर पोचल्या. सर म्हणाले, "पास."

त्याच दिवसांत एका शनिवारी टोकावड्याच्या एसटीत मला चार मुली भेटल्या. आश्रमशाळेत शिकलेल्या, नुकत्याच बारावी झालेल्या. त्यातली एक आमच्या गावच्या वरच्या वाडीतली. वाडी डोंगराच्या पोटाशी, रस्ता नाही. तिची आई पावसाळ्यात रानातली कंटोळी घेऊन आमच्या दारावर यायची, म्हणून मी तिला लहानपणापासून बघत आलेले. बाकीच्या तिघी तिच्या मैत्रिणी, दुसऱ्या वाड्यांमधल्या. एक चांगली उंच, एक चष्मेवाली, आणि एक बडबडी. चौघींना नर्स व्हायचं होतं. मी सांगितलं, अर्ज आता कागदावर नाय, इंटरनेटवर, मुरबाडला एसटी स्टँडसमोर कॅफे हाय तिथे जावा.

"तुमी केलाय तो अर्ज?" बडबडीने विचारलं.

"आमच्या ऑफिसने."

"मंग आमालाच घ्या ना आदी!"

सगळ्या हसल्या, वाडीतली हसली नाही. उतरताना ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, बा म्हनतो, नर्सिंगला नाव लागलं तं जा. नाय तं दिवाळीनंतर आमच्यासंगं भट्टीवं."

भट्टी म्हणजे विटांची. दिवाळी झाली की वाडीतली बरीच घरं कुलूप लावून तिकडे जायची आणि पावसाच्या तोंडाशी परत यायची. तिचा बाप वाईट नव्हता. त्याने मुलीला बारावीपर्यंत भट्टीवर नेलं नव्हतं, हेच वाडीत दुसऱ्या कोणी केलं नव्हतं. पण अजून एक वर्ष घरी बसवून ठेवणं त्याच्या हातात नव्हतं. चौघींत सगळ्यांत जास्त मार्क तिचे होते.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी सर साखरपुड्याला नाशिकला गेले होते. त्यांचा मोबाइल घाटात कुठेतरी, लागतच नव्हता. दुपारी क्लासचा फोन वाजला. अर्जाच्या तळाशी अडचणीसाठी आमचा नंबर दिलेला होता.

"मॅडम, मुरबाडवरून बोलतोय, कॅफेवाला. तुमच्या अर्जाला येड लागलंय."

"काय झालं?"

"चार पोरी बसवल्या, एकीचा गेला, तिघींना म्हणतो नोंद आधीच झालेली हाय. आनि जो गेला ना, तो बी कोणाचा गेला ते समजना. लाइट जायच्या आत तेवढी एक प्रिंट काढली. आता पाचपर्यंत लाइट नाय."

पाच वाजता अर्ज बंद होणार होते. लोडशेडिंगचं आमच्याकडे असंच, मुरबाडची जायची तेव्हा शहापूरची असायची. मागून कलकलाट ऐकू येत होता. मग फोन वाडीतल्या मुलीने घेतला.

"ताई, मी."

"काय लिहिलंय प्रिंटवर? वाच."

ती वाचू लागली. नाव उंच मुलीचं. आईचं नाव उंच मुलीच्या आईचं. जन्मतारीखही तिचीच. गाव चष्मेवालीचं. बैठक क्रमांक आणि मार्क हिचे स्वतःचे.

"परत वाच," मी म्हणाले. तिने परत वाचलं, तेच. मागून बडबडी ओरडली, "माजं तं कायच नाय गो तिच्यात!"

मी खुर्चीवर बसले. चार मुली मशीनसमोर बसल्या होत्या आणि मशीनने त्यांच्यातून एक पाचवीच मुलगी घडवली होती. तिला नाव होतं, आई होती, गाव होतं, मार्क तर उत्तमच होते. नव्हती फक्त ती. बिघडलेलं मशीन काहीतरी अक्षरं ओकतं, हे मी पाहिलं होतं. पण हे अक्षरन् अक्षर बरोबर होतं, आणि तरी माणूस चुकलेलं होतं.

"कॅफेवाल्या भाऊला दे फोन," मी म्हणाले. "भाऊ, अर्ज भरलेत कसे? एकीनंतर एक ना?"

"छे, पोरी ऐकतात कुठं! चार विंडो उघडायला लावल्या. सगळ्यांचं पहिलं पान भरलं, मग सगळ्यांचं दुसरं, मग तिसरं. लाइन किती स्लो, एक पान येईस्तोवर दुसरीचं भरत बसलो."

मागून वाडीतलीचा आवाज आला, "एकीचं पुढं नि एकीचं मागं कशाला? लाइट गेली असती तं कोनीतरी राहिली असती ना!"

तेव्हा मला दिसलं. आवणीला बाया अशाच उभ्या राहतात. भाताची रोपं लावताना चिखलात एका ओळीत उभं राहायचं, आणि सगळ्यांनी मिळून एक पाऊल मागे सरकायचं. एकटीने आपला पट्टा पुरा करून बांधावर जाऊन बसायचं नाही. जी पुढे जाईल तिला शिव्या बसतात. मी स्वतः बारावीपर्यंत त्या ओळीत उभी राहिले होते. चौघींनी अर्ज आवणीसारखा भरला होता. पहिली ओळ चौघींची, मग दुसरी ओळ चौघींची. आणि आमच्या मशीनने काय समजावं? एक ब्राउझर म्हणजे एक माणूस. विंडो चार असल्या तरी ब्राउझर एकच, त्याच्याकडे नंबर एकच, आणि तिकडे अमेरिकेत कप्पाही एकच. चौघींची नावं एकामागून एक त्याच कप्प्यात पडली, आणि शेवटी पोचलेलं तेवढं वर राहिलं. नावांत उंच मुलगी शेवटी पोचली, गावांत चष्मेवाली, मार्कांत वाडीतली.

मी फोन बाजूला ठेवून दोन विंडो उघडल्या. एकीत माझं नाव लिहिलं, दुसरीत आईचं. पहिलीत पुढच्या पानावर गेले, तर तिथे आईचं नाव माझी वाट बघत होतं. कोणी पाठवलं नव्हतं, कोणी चोरलं नव्हतं. मी हसले की काय ते आठवत नाही, पण पुढच्या खोलीतली मुलं डोकावून गेली.

दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चार विंडो उघडून अर्ज कोण भरतं?"

मी म्हणाले, "आमी भरतो, सर."

त्यांनी खुर्ची मशीनपुढे ओढली. मग आम्ही दोघांनी बसून पानं बदलली. प्रत्येक अर्जाला पहिल्या पानावरच त्याचा स्वतःचा नंबर दिला आणि तो न दिसणाऱ्या चौकटीत घालून पानापानाबरोबर पुढे चालवला, म्हणजे विंडो कितीही असोत, जिचं तिच्याजवळ. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी मला पानं बदलायची मुभा नव्हती, सरांचा पासवर्ड सरांबरोबर घाटात होता.

मी फोन उचलला. "ऐक. मुरबाडला लाइट नाय, इथे हाय. तू सांग, मी भरते. पण एकीचं पुरतं झाल्याशिवाय दुसरीचं नावसुद्धा काढायचं नाय."

"मंग आदी कोन?"

तिकडे वाद सुरू झाला. कॅफेवाला ओरडला, "अगो, लग्नाला बसल्यात का, घ्या ना कोणीतरी!"

"त्यांचे घे," वाडीतली म्हणाली. "फोन माज्या हातात हाय, माजा शेवटी."

ती सांगत गेली, मी भरत गेले. उंच मुलीचा गेला. मी ब्राउझर पूर्ण बंद केला, पुन्हा उघडला. चष्मेवालीचा गेला. पुन्हा बंद, पुन्हा उघडला. बडबडीने स्वतः फोन घेतला आणि आईचं नाव सांगताना आईच्या माहेरचं गावही सांगितलं. तिचाही गेला. पान फिरून यायला वेळ लागत होता, पण येत होतं, आणि आलं की त्यावर जिचं होतं तिचंच नाव असायचं.

मग वाडीतलीचा घेतला. पहिलं पान, दुसरं, तिसरं. चौथ्यावर 'पक्कं करा' दाबलं. पान आलं: 'या बैठक क्रमांकाची नोंद आधीच झालेली आहे.'

मी क्रमांक पुन्हा ताडून पाहिला. तिने विचारलं, "गेला, ताई?"

"थांब जरा."

तिचा बैठक क्रमांक त्या नसलेल्या मुलीजवळ होता. बाकीच्यांपैकी दोघींचं पाचवीने फक्त नाव आणि गाव घेतलं होतं, त्यांना ते पुन्हा देता आलं. हिची मात्र जागाच घेतली होती. ती पाचवी उठल्याशिवाय हिला बसता येणार नव्हतं. मी नर्सिंगच्या शाळेत फोन लावला. तिथल्या बाई नीट बोलल्या, पण म्हणाल्या, "आम्हाला इकडून नुसतं दिसतं, काढता काही येत नाही. चूक असेल तर दुरुस्तीचं पान आहे ना, तिथून करा."

दुरुस्तीचं पान. ते मीच तपासलं होतं. बैठक क्रमांक घाला, जन्मतारीख घाला, अर्ज उघडेल. मी मुरबाडला परत फोन लावला, वाडीतलीचा क्रमांक घातला, तिची जन्मतारीख घातली. 'माहिती जुळत नाही.' पुन्हा घातली, एकेक आकडा बघून. 'माहिती जुळत नाही.'

"ताई, टाइम किती झाला?"

"हाय अजून."

"मंग गप का झालीस?"

मी कपाळावर हात मारला. मी दार वाजवत होते ते वाडीतल्या मुलीच्या नावाने, आणि आत होती ती पाचवी. दार तिच्याच खुणेने उघडणार.

"उंच मुलीची जन्मतारीख काय?"

"तिची? तिचा तं गेला ना?"

"अगो सांग ना."

तिने सांगितली. मी एकीचा क्रमांक घातला आणि दुसरीची जन्मतारीख. जगातल्या कुठल्याच मुलीची नाही अशी जोडी. बटण दाबलं. खालची निळी पट्टी सरकत गेली, थांबली, परत सरकली. आणि अर्ज उघडला. ती सगळी समोर होती, नाव, आई, गाव, तालुका, मार्क. मघाशी फोनवर ऐकलेली मुलगी आता पडद्यावर आली होती, आणि तिने मला आत घेतलं होतं.

खरं सांगायचं तर, तिचं नाव पुसताना माझा हात क्षणभर थांबला. मी नव्या जमान्याची, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण जे नाही ते इतकं नीटनेटकं समोर बसलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही. इतक्या वर्षांत मी मोठमोठ्या कंपन्यांची कामं केली, लाखो लोक एका वेळी येतात अशी पानं बांधली. आजही एका पानावरून दुसऱ्या पानावर कोणाचं नाव बिनचूक पोचलं की मला ते साधं वाटत नाही. वाटेत काय काय होऊ शकतं, ते मला ठाऊक आहे.

वाडीतल्या मुलीचं नाव पुढे यादीत लागलं. भट्टीवर ती गेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला त्या दुपारचं शेवटचं पान सांगायचंय.

नाव बदललं, आईचं नाव बदललं, जन्मतारीख, गाव. मार्क तिचेच होते, ते राहू दिले. शेवटी सगळं एकत्र दिसणारं पान आलं. मी म्हणाले, "आता मी वाचते, तू बरोबर असलं तर होय म्हन. मग दाबते."

तिचं नाव वाचलं.

"होय."

आईचं नाव वाचलं.

तिकडून काही आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. "हाय का गो?"

"हाय." मग म्हणाली, "परत वाच."

"चुकलंय का?"

"नाय. परत वाच."

मी आईचं नाव परत वाचलं, यावेळी सावकाश. आमच्या दारावर कंटोळी घेऊन येणाऱ्या त्या बाईला सगळे वाडीवाली म्हणायचे, माझी आईसुद्धा. तिला हे नाव होतं, हे मलाही त्या दिवशीच कळलं होतं.

तिकडे ती इतर मुलींना सांगत होती, "माज्या आयचं नाव वाचतंय."

"कोन वाचतंय?" बडबडीने विचारलं.

"ताई वाचते. पन आलंय तिकडून."

मग ती फोनवर आली आणि म्हणाली, "होय." मी गाव वाचलं, तालुका वाचला, बैठक क्रमांक आकडा आकडा करून वाचला. तिने प्रत्येकाला होय म्हटलं, आणि तिच्या मागून आता तिघी मिळून होय म्हणू लागल्या, आणि कॅफेवालाही.

"दाबू?"

"दाब, ताई."